सहीला नवरा आणा

"मिस का मिसेस?"

काउंटरमागच्या बाईने विचारलं. मी हळू सांगितलं, "मिस."

"मोठ्यानं बोल. काय होतंय?"

"पोटात दुखतंय. खाली. आणि पाळी नसताना रक्त जातं."

तिचं पेन थांबलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "मॅडम, अनमॅरीड आहे, ब्लीडिंग म्हणते. घेऊ का?"

घेऊ का.

नाशिक रोडचं नर्सिंग होम. बाहेर हातभर अक्षरात 'स्त्रीरोग' लिहिलेलं. मी स्त्री. मला रोग. तरी विचारावं लागलं, घेऊ का. बाकांवर बसलेल्या गरोदर बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यासोबत आलेल्या सासवांनी आधी माझं पोट बघितलं, मग गळा. एका म्हातारीने सुनेला ढोसलं, "इकडं सरक गं." सून सरकली. जणू मला जे झालंय ते उडून तिच्या पोटात शिरणार होतं.

आत मॅडमनी मान वर केली नाही.

"बॉयफ्रेंड आहे?"

मी ओढणी सारखी केली.

"हे बघ, आमच्यापासून लपवून उपयोग नाही. आई कुठंय?"

"घोटीला."

"म्हणजे इथं एकटीच राहतेस?"

"मैत्रिणीबरोबर. सिन्नरला कंपनीत आहे, स्विचच्या लाइनवर."

"हां."

त्या एका 'हां'मध्ये माझी तपासणी झाली. त्यांनी पोटाला हात लावला नाही. टेबलावर झोपवलं नाही. म्हणाल्या, "कुमारी मुलींची आतून तपासणी आम्ही करत नाही. उद्या तुझेच आईबाप भांडायला येतील." दुखणं थांबायच्या गोळ्या लिहिल्या. मी उठले तर मागून आणखी एक औषध मिळालं, "घरच्यांना सांग, स्थळ बघा. लग्न झालं की यातलं बरंचसं आपोआप जातं."

आता हे ऐका. मी काही तोंड नसलेली मुलगी नाही. आमच्या वस्तीत जयंतीच्या दिवसांत पत्रकं वाटत मोठी झाले. पुढे ती लिहायलाही लागले. माइक हातात दिला तर मी खाली ठेवत नसे. समता, हक्क, आत्मसन्मान, सगळे शब्द पाठ. आणि त्या टेबलासमोर मी काय बोलले? "थँक्यू मॅडम."

थँक्यू!

गोळ्या खाल्ल्या की दुखणं दबायचं. जायचं नाही, दबायचं. कुणीतरी खोलीच्या कोपऱ्यात श्वास रोखून उभं राहावं तसं ते उभं राहायचं. कंपनीची बस मोहदरी घाटात वळली की डाव्या बाजूला आत काहीतरी लोंबकळल्यासारखं हलायचं. मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसायचे. शेजारच्या बायका विचारायच्या, "काय गं, तोंड का पांढरं पडलंय?" मी सांगायचे, ॲसिडिटी. बाईच्या पोटात काहीही झालं तरी सांगायला एवढा एकच शब्द बरा. ॲसिडिटीला चारित्र्य नसतं.

माझ्या खोलीत नसरीन राहते. मालेगावची. बाप यंत्रमागावर, भाऊ यंत्रमागावर, ही आमच्या कंपनीत पॅकिंगला. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"अगं पगली, तू तशीच गेलीस? रिकाम्या गळ्याची?"

तिने पत्र्याच्या पेटीतून काळ्या मण्यांचं मंगळसूत्र काढलं. इमिटेशनचं. दोन वाट्या, त्यातल्या एकीचा मुलामा उडालेला. म्हणाली, "हे दवाखान्याचं."

तेव्हा मला कळलं. आमच्या लाइनवरच्या निम्म्या मुलींना हे मंगळसूत्र माहीत होतं. कुणाला खाज, कुणाला गाठ, कुणाला गोळ्या हव्यात, कुणाची पाळी चुकलेली. जी दवाखान्यात जाईल ती ते मागून नेई आणि आणून देई. छत्री नेतात तसं. ते एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जायचं, आणि प्रत्येकीला वाटायचं, आपण किती हुशार.

"आता नवरा कुठं ठेवायचा ते ठरव," नसरीन म्हणाली. "दुबईत ठेवू नको. नवरा दुबईत आणि तू डॉक्टरकडं, मग वेगळाच डाउट घेतात. सिन्नरलाही नको, म्हणतील बोलवून घे."

"मग?"

"पुण्यात ठेव. ड्रायव्हर कर. ड्रायव्हर कधी घरी असतो, कधी नसतो."

आम्ही दोघी हसलो. हसताना मला कळ आली आणि मी भिंतीला टेकले. नसरीन हसायची थांबली.

दुसरं हॉस्पिटल शहरातलं, मोठं. मंगळसूत्र गळ्यात. आणि जग बदललं. "या, बसा." तू नाही, तुम्ही. डॉक्टरबाई वयस्क, आवाज मायेचा. मला झोपवलं, तपासलं, आतून सोनोग्राफी केली. स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. डाव्या अंडाशयावर गाठ, लिंबापेक्षा मोठी. शरीर तेच. दुखणं तेच. पहिल्या दवाखान्यात मला जे दिलं नव्हतं ते सगळं या मण्यांना मिळालं.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "पण वेळ काढू नका. ही देठावर लटकलेली आहे. पीळ पडला तर धावपळ होईल. याच आठवड्यात काढू. मिस्टरांना घेऊन या, सहीला."

"ते पुण्याला असतात. मी करते ना सही."

"असं कसं? ओव्हरीचं काम आहे. उद्या मूलबाळ राहिलं नाही तर ते येऊन माझी कॉलर धरतील."

मी टेबलाची कड धरून बसून राहिले. गाठ माझी. अंडाशय माझं. मालक पुण्याचा ड्रायव्हर, जो जन्मालाच आलेला नाही.

आमची सगळी हुशारी इथे येऊन अडकली. मुलींनी मंगळसूत्र खोकल्यापडशासारख्या कामांना वापरलेलं. गोळ्या घ्या, घरी या. पोट उघडायची वेळ आली तेव्हा त्या मण्यांना खराखुरा नवरा हवा होता. मी खोटं बोलून दार उघडलं नव्हतं. दार त्यांचंच होतं, कडीही त्यांचीच. मला फक्त आत घेऊन बंद केलं होतं.

नसरीनने तिच्या चुलतभावाला विचारलं. रिक्षावाला, भला माणूस. एक सही करशील का, तासभर नवरा हो. त्याने रिक्षाची चावी खिशात टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, दवाखान्यात कुणी माझं नाव वाचलं, तुमचं नाव वाचलं, आणि बाहेर एक फोन केला, तर मी गेटपर्यंत पोचणार नाही. माझ्या रिक्षासकट जाळतील." नसरीन म्हणाली, "इतकं पण नाही." तो म्हणाला, "तू बुरखा घालून फिरतेस, मी दाढी घेऊन फिरतो. मला माहिती आहे." आम्ही त्याला पुन्हा विचारलं नाही.

घरी सांगायचं धाडस नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, घोटीच्या राइस मिलमध्ये हमाली करतात. मला बाहेर ठेवल्याबद्दल भावकीचं बोलणं खातात. त्यांना काय सांगू? आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट उशीखाली ठेवून मी रोज कामावर जात राहिले. रोज घाट. रोज ते लोंबकळणारं.

पीळ लाइनवर पडला. दुपारचं जेवण नुकतंच झालेलं. स्विचचा ट्रे उचलायला वाकले आणि आत कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं झालं. मी ओरडले नाही. आवाजच आला नाही. ओकले आणि पडले. कंपनीच्या गाडीत नसरीनच्या मांडीवर डोकं; तिने पर्समधून ते दवाखान्याचं मंगळसूत्र काढून माझ्या गळ्यात घातलं. ती ड्रायव्हरला सारखी म्हणत होती, "भाऊ, हळू मारा. नाही, जोरात मारा."

हॉस्पिटल तेच. डॉक्टरबाई त्याच. मी ट्रॉलीवर.

"मिस्टर कुठायत?"

"नाहीत." मी मंगळसूत्राला बोटं घातली आणि ओढलं. मणी ट्रॉलीखाली सांडले. "लग्न झालेलं नाही. मी सज्ञान आहे. सही मी करते. कागद द्या."

बाईंचा चेहरा मिटला. दुकानाचं शटर पडावं तसा.

"म्हणजे खोटं बोललीस तू."

बघा. तुम्ही गेलं. तू आलं.

"आता कुणाच्या भरवशावर कापू तुला?"

"माझ्या."

"वडिलांना बोलवा," बाई सिस्टरला म्हणाल्या. "ते आल्याशिवाय थिएटर लावू नका." आणि निघून गेल्या.

मला कॉरिडॉरमध्ये ठेवलं. पडदासुद्धा ओढला नाही. लघवी तपासायला नेली, ते ठीक, तपासायलाच हवी. पण घेऊन जाणारी मावशी दुसरीला जाता जाता म्हणाली, "हिचं पाडायचंय का?" दुसरी म्हणाली, "गळ्यात खोटं घालून आलीय. कळतंय ना मग." चालत्या माणसांची ये-जा चालू होती. माझ्या आत एक अवयव मरत होता आणि माझ्या अंगावरून लोकांचे डबे, फळांच्या पिशव्या, फुगे जात होते. नसरीन ज्याला त्याला सांगत होती, "ती सही करतेय, तिला करू द्या ना." तिला एकाने विचारलं, "तू कोण?" मैत्रीण म्हटल्यावर तो हसला.

अण्णा घोटीहून कुणाच्या तरी टेम्पोतून आले. अंगावर तांदळाचा कोंडा तसाच. दाखवलं तिथे सही केली. तोवर ऊन उतरलं होतं.

अंडाशय काळं पडलं होतं. काढून टाकलं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. मी वॉर्डात शुद्धीवर. अण्णा पलंगाच्या पायथ्याशी, हातात टोपी. डॉक्टरबाई राउंडला आल्या. अण्णांनी हात जोडले आणि विचारलं, "बाई, हे कशानं होतं? पोरीचं काय... काय चुकलं नाय ना?"

या प्रश्नाला एका वाक्याचं उत्तर होतं. अशी गाठ कुणालाही होते. कुमारिकेला होते, लेकुरवाळीला होते, म्हातारीला होते. बाईंना ते माहीत होतं. बाईंनी खांदे उडवले.

"आजकालच्या मुली. काय सांगावं?"

अण्णांची मान खाली गेली. पोती वाहून जी कधी वाकली नव्हती ती मान.

टाके ताणत होते तरी मी कोपरावर उठले. "डॉक्टर, थांबा. गाठ कशाने होते ते माझ्या वडिलांना सांगा."

"झोप तू. त्रास होईल."

"सांगा. सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं सांगा. काउंटरवर ओरडताना लाज वाटत नाही तुम्हा लोकांना, मग हे का हळू?"

शेजारच्या पलंगावरच्या बायका उठून बसल्या. बाईंनी सिस्टरकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "होते कशानेही. त्याचा तसा संबंध नसतो."

"आणि वेळेत काढली असती तर?"

त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

अण्णा जवळ आले. कानाशी वाकून म्हणाले, "पोरी, माझ्यापुरतं सांग. तसलं काय नव्हतं ना? तेवढं सांग, मी समद्यांच्या तोंडावर थुंकतो."

किती सोपं होतं. एक 'नाही' म्हणायचं. अण्णांची मान वर आली असती. भावकी गप्प बसली असती. मीही तोंड उघडलं होतं. आणि बंद केलं. कारण मला दिसलं, हे 'नाही' म्हणजे मीच मान्य करणार की 'हो' म्हणणारीला असंच कॉरिडॉरमध्ये मरू द्यावं. आमच्या लाइनवरच्या ज्या मुली खरंच कुणाबरोबर होत्या, ज्यांची पाळी खरंच चुकली होती, त्यांना मी माझ्या स्वच्छपणाखाली गाडणार.

"नाही सांगणार, अण्णा," मी म्हणाले. "हो पण नाही, नाही पण नाही. कुणालाच नाही."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग बाहेर जाऊन बसले. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

मी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार दिली. दोन्ही ठिकाणांची. माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, सगळं घालून. तेव्हापासून गोष्टी घडतायत. अनोळखी नंबरवरून फोन येतात, कुणी बोलत नाही, फक्त श्वास ऐकू येतो. कंपनीत सुपरवायझर म्हणतो, "मॅडम, तुमच्यामुळं आमचं नाव खराब होतंय." घोटीला आमच्या दारात एक गाडी येऊन थांबली. इस्त्रीच्या कपड्यातला माणूस उतरला, पाणी प्यायला, अण्णांना म्हणाला, "तुमच्या मागं अजून एक लहान मुलगी आहे ना? गाव छोटं आहे हो काका. विचार करा." बहीण आतल्या खोलीतून ऐकत होती. तिनेच मला फोन केला. विचारलं, "ताई, ते परत येतील?"

येतील. मी तिला खोटा धीर दिला नाही.

सुनावणी लागली आहे. तिथे डॉक्टरांचा वकील मला पहिला प्रश्न कोणता विचारणार हे मला पाठ आहे. तुम्हीही हे वाचताना तो मनात विचारला असेल. वकिलाला उत्तर मिळणार नाही. तुम्हालाही नाही. मी फक्त एवढं विचारायला जाते आहे: माझ्या शरीराच्या कागदावर माझी सही चालते की नाही? हो किंवा नाही, लेखी द्या. नसरीन येणार आहे. लाइनवरच्या आणखी मुली येणार आहेत, रिकाम्या गळ्याने. उत्तर हातात पडेपर्यंत आम्ही त्या खोलीतून उठणार नाही. उचलून बाहेर टाकलं तर दारात बसू. आणि नाशिकमधल्या ज्या ज्या दवाखान्यात मुलीला दारातून परत पाठवलं जाईल, त्या त्या काउंटरसमोर जाऊन मी तिचं दुखणं मोठ्यानं सांगेन, तिला टेबलावर घेईपर्यंत.