आर्वीचा वाटा

आल्मी कधी कुणाच्या दारी मीठ मागायला गेली नाही, आणि गावानेही तिला कधी बोलावलं नाही. तिचा गुन्हा एकच, ती आर्वीची बायको.

आमच्या तळ्यावर बर्फाखालून ओढायचं मोठं जाळं कुणा एकाचं नसतं. घरटी एक तुकडा. हिवाळा आला की सगळे जोडून शिवायचे. मासा जिथे साठतो ती शेवटची पिशवी आर्वीची, त्याने स्वतः विणलेली. पुढे चर खणून, दलदल उपसून जळाऊ माती काढणारे आले, तळ्यात गंजासारखं पाणी उतरलं आणि मासा मेला. आर्वी पोटासाठी त्यांचंच यंत्र चालवायला बसला. पोटासाठी आम्ही सगळेच नाही नाही ते करत होतो, पण खापर फुटलं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. सख्खा भाऊ एस्को त्याच्या मयतीलाही गेला नाही.

मग गावाने खपून चर बुजवले, दलदल पुन्हा पाण्याने भरू दिली. आधी पक्षी आले. यंदा मुइक्कू, आमची बोटभर चंदेरी मासळीही परतली. माळ्यांवरून जाळ्याचे तुकडे उतरले. पिशवी तेवढी आल्मीकडे होती.

"घेऊन जा," ती एस्कोला म्हणाली; जाळ्याचा म्होरक्या आता तोच. "वाटे घालशील तेव्हा त्याचं नाव घे, बस्स."

"बघू," एस्को म्हणाला. त्याचं 'बघू' आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

मासळी भरभरून आली. बर्फावर सारखे ढीग घातले. रीतीप्रमाणे एस्को ढिगांकडे पाठ करून उभा राहिला. मी एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचो, "हा कुणाचा?" आणि तो न बघता नाव सांगायचा. शेवटचा ढीग उरला.

"आल्मीचा."

"मी कधी दोर ओढला रे?" आल्मी म्हणाली. "पिशवी ज्याने विणली, त्याचं नाव घे."

एस्को वळला नाही.

"अगं, घे की! मासा तो मासाच," कुणीतरी म्हणालं. ती किनाऱ्याकडे चालू लागली. मला एस्कोची अशी चीड आली की काय सांगू.

लोक पांगले. ढीग गोठून कडक झाला. एस्को तसाच पाठमोरा. मी वैतागून पुन्हा विचारलं, "हा कुणाचा?"

"आर्वीचा," तो घशातल्या घशात म्हणाला.

मी मासळी पाटीत भरली आणि तडक जाऊन आल्मीचं दार ठोठावलं. "आर्वीचा वाटा आणलाय."

"असं कोण म्हणालं?"

"एस्को."

तिने पाटीकडे पाहिलं. मग तळ्याकडे. तिथे एस्को अजून उभाच होता.

"मला नाही ऐकू आलं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.