हात लावला नाही म्हणून शून्य

"आप नहीं. किसी और को बुलाओ."

असं म्हणून ती बाई दोन पावलं मागे सरकली. माझा हात हवेतच राहिला.

जिम ट्रेनरच्या सर्टिफिकेटची प्रॅक्टिकल परीक्षा चालली होती. मीरा रोडच्या आमच्याच जिममध्ये. आमच्याच म्हणजे, मी तिथे सहा वर्षं हाऊसकीपिंगला. लादी, आरसे, मशिनांवरचा घाम, दोन्ही संडास. परीक्षेत कुणाकडून तरी व्यायाम करून घ्यावा लागतो, म्हणून जिमचे दोन-तीन मेंबर बोलावलेले. माझ्या वाट्याला ही आली. रोज सकाळी मी पुसलेल्या मॅटवर आडवी होणारी.

तिने वजनाची दांडी उचलली आणि पाठीला बाक आला. अशाने कंबर जाते. आधी विचारायचं, मग हात लावून पाठ सरळ करायची, असं पुस्तकात आहे. मी विचारलं, "मॅडम, पीठ पे हाथ रखूँ?"

तर हे.

परीक्षक खुर्चीत बसलेले. मराठीच. ती त्यांना म्हणाली, "सर, ये तो बाथरूम साफ करती है." हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सर हसले. मला म्हणाले, "अगं, तोंडाने सांग ना. हात कशाला?"

बाकीच्यांना अहो, मला अगं.

मी तोंडाने सांगितलं. छाती वर, कंबर मागे, दांडी पायाजवळ. तिची पाठ सरळ झाली.

हे शिकायला मला दोन वर्षं लागली. मी नवघरच्या शाळेत मराठीतून दहावी केलेली, पुस्तक इंग्रजी. पेणकरपाड्याहून चालत यायचे, जिम उघडायच्या आधी आरशासमोर उभी राहून एकेका स्नायूचं नाव पाठ करायचे. आमची ट्रेनर रोशनी हिने दांडी धरायला शिकवलं. तीच म्हणाली, "ताई, माझे मेंबर करतात त्यापेक्षा तुमचं बरोबर होतंय. परीक्षेला बसा." लेखी मी पास झाले होते.

संध्याकाळी निकालाचा कागद सहीसाठी पुढे आला. नापास. शेरा होता : उमेदवाराने हाताने दुरुस्ती केली नाही, शून्य.

दोनदा वाचलं.

"सर, तुम्हीच म्हणालात ना, तोंडाने सांग?"

"हो, पण मार्क हाताचे आहेत."

"मग लिहा, हात लावू दिला नाही."

"असा कॉलम नाहीये. सही कर. लोक खोळंबलेत."

माझी आई भाईंदर पश्चिमेला सोसायट्यांचे जिने झाडायची. पाणी मागितलं की वरून ओतायचे. ती ओंजळ धरायची. मला म्हणायची, "मिळतंय ना? मग तोंड नको उघडूस." मीही नाही उघडलं. फिनेलचा वास येतो म्हणून लिफ्टमधून उतरवलं, उतरले. वेगळा कप दिला, त्यातून प्यायले. वाटायचं, कामामुळे असेल. काम बदललं की थांबेल. म्हणून तर सर्टिफिकेट हवं होतं. आणि सर्टिफिकेट देणारा माणूसच मला सांगत होता, कॉलम नाही.

मी पेन घेतलं. सहीच्या जागी मराठीत लिहिलं, "मी हात लावायला तयार होते. मी संडास धुते म्हणून लावू दिला नाही. परीक्षकांनी हे ऐकलं आणि मला शून्य दिलं. निकाल मान्य नाही." त्याखाली सही केली. अक्षर वाकडं आलं.

"ऑफिशियल कागद आहे तो! अक्कल आहे का?" सर ओरडले.

मी मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावलं. मेंबर नाराज आहेत, सॉरी बोलून टाक. रोशनी शेजारीच उभी होती. खाली बघत. ते जास्त लागलं.

मी सॉरी म्हणाले नाही. तेव्हापासून माझी ड्युटी फक्त संडासांवर. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला फोटो जोडून पत्र दिलं. उत्तर नाही. परत दिलं. नाही.

फेरपरीक्षेचा फॉर्म भरलाय. जिम हीच, सर बहुतेक तेच. मी हात लावायच्या आधी विचारणार, नियमच आहे. कुणी नको म्हणालं तर लावणार नाही. पण का नको, ते सरांनी माझ्यासमोर कागदावर लिहायचं. लिहीपर्यंत मी जागची हलणार नाही. परीक्षा थांबली तर थांबू दे.