मोठ्या सिस्टर आणि दोन वळकट्या

मोठ्या सिस्टर मूळच्या केरळच्या, पण मराठी बोलायच्या ती गंगाखेडच्या बाजारातली. पुस्तकातली मराठी त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. वसतिगृहातल्या आम्हा ऊसतोड्यांच्या पोरींकडून जी कानावर पडली, तीच त्यांनी उचलली. तपासणीला साहेब आले की आम्ही ठेवणीतलं शुद्ध बोलायचो आणि आमच्या मागून गळ्यात क्रूस घातलेल्या, ताडमाड उंच सिस्टर म्हणायच्या, "बसा की साहेब. पोरी चहा करायल्यात." साहेब एकदा क्रुसाकडं बघायचे, एकदा आमच्याकडं.

नवी आलेली पोर आईच्या आठवणीनं रडायला लागली की त्या समजूत काढत नसत. "आदी जेव. उपाशी रडलं की लवकर दम लागतो," म्हणत आणि ताट पुढं सरकवत. मीही तशीच जेवायला बसले, आणि जेवता जेवता रडायचं राहूनच गेलं.

या बायका पोरी बाटवतात, अशी गावात कुजबुज होती. एका पुढाऱ्यानं तोंडावर विचारलं, तेव्हा सिस्टर भाकरी थापत होत्या. "बाटले तर मीच," त्या म्हणाल्या. "भात सुटला, ठेचा लागला. घरी गेले की भैण म्हणती, तू आता आमची न्हाईस." पुढारी भाकरी खाऊन गेला.

मी बारावीत गेले त्या वर्षी वसतिगृह बंद करायचं ठरलं. त्यांच्या संघाला सिस्टर व्हायला नवीन मुलीच मिळत नव्हत्या. "आमच्याकडं आता घरात एकच पोरगी असती," सिस्टर सांगायच्या, "आन् ती नर्स होऊन जर्मनीला जाती. जाऊ दे की. तिचं बी चांगलं व्हावं." त्यांच्या सोबतच्या दोघी सिस्टर म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यांना विश्रांतीला नेलं. आणि नियम असा, की तिघी असल्याशिवाय घर चालवायचं नाही.

आमच्यासाठी याचा अर्थ सरळ होता. दसरा झाला की आईबाप ट्रॅक्टरमध्ये संसार भरून कारखान्यांकडं निघणार. वसतिगृह नाही म्हटल्यावर लहानग्या पोरी उसाच्या फडात जाणार आणि मोठ्यांची लग्नं लागणार. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या गड्याला काम नसतं. माझ्यासाठी असा एक गडी बघूनही झाला होता.

मी सिस्टरांशी भांडले. "वर सांगा ना, बंद करणार नाही म्हणून."

"आज्ञा पाळीन अशी शपथ घेतलीय मी."

"मग आम्ही काय करायचं?"

"आज्ञा पाळायची शपथ हाय, गप बसायची न्हाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी संघाच्या प्रमुख मदरांना फोन लावला. बंद करा, पण निरोप तुम्ही स्वतः येऊन द्या. ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दिवशी, सगळ्या आया पोरींना सोडायला येतात तेव्हा.

मदर आल्या. फाटकापाशी उभं राहून त्यांनी एकेका आईला नियम समजावला. बाया ऐकून घ्यायच्या आणि जागच्या हलायच्याच नाहीत. शेवटी माझी आई म्हणाली, "म्हंजे तीन बायका पायजेत, एवढंच ना?"

"तीन सिस्टर, ताई."

आईनं पुढचं ऐकलंच नाही. ती तडक गावात गेली.

संध्याकाळी माझी आजी फाटकातून आत आली, डोक्यावर वळकटी. तिच्यामागं बौद्धवाड्यातल्या भागाआजी, त्यांच्याही डोक्यावर वळकटी. तोडीच्या दिवसांत म्हातारी माणसं गावात अशीच एकटी मागं राहायची, चूल पेटली तर पेटली. या दोघींनी जन्मात एकमेकींच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. आजीनं मदरांना नीट न्याहाळलं. "मी एक, ही दोन, आन् तुमची लांबडी तीन. बघून घ्या."

"आजी, सिस्टर म्हणजे संसार सोडून प्रार्थनेला वाहिलेली बाई," मदर म्हणाल्या.

"संसारानंच आमाला सोडून लय वर्सं झाली," भागाआजी म्हणाल्या. "आन् पहाटं तर रोज उठतोच."

मोठ्या सिस्टर भिंतीकडं तोंड करून हसत होत्या. मदरांनी हसू आवरायचा प्रयत्न केला, मग त्याही हसल्या. निर्णय मात्र त्यांनी सकाळी दिला, स्वयंपाकघरात दोघी म्हाताऱ्या पोरींना वाढताना बघून. "एक वर्ष. तेवढ्यात गावानं हे चालवायला शिकायचं."

गाव शिकलं. किराणा भरणं, आजारी पोरीला दवाखान्यात नेणं, साहेबांसमोर न अडखळता बोलणं, सगळं सिस्टरांनी बायकांना ओरडून ओरडून शिकवलं. वळकट्या आधी खोलीच्या दोन टोकांना होत्या. थंडी वाढली तशा जवळ आल्या, आणि थंडी गेल्यावरही कुणी त्या हलवल्या नाहीत. त्या गड्याला दुसरी जोडीदारीण मिळाली. मी बारावी झाले, परभणीला कॉलेज केलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

ते एक वर्ष वाढत वाढत माझी पदवी होईपर्यंत पुरलं. मग सिस्टरांना बोलावणं आलं. संघाची दुसरीकडची घरंही बंद व्हायला आली होती, आणि ती गावाच्या हाती कशी द्यायची हे दाखवायला मदरांना माणूस हवं होतं. गंगाखेड स्टेशनवर मी म्हटलं, "तुमच्याशिवाय कसं होईल?"

"मी गेल्यावर बंद पडलं, तर मी हितं काय केलं म्हणायचं?" असं म्हणून त्या डब्यात चढल्या आणि खिडकीतून आजीला सांगायला लागल्या, की गुडघ्याचं औषध चुकवू नका.

त्या दसऱ्याला वसतिगृहात एकही सिस्टर नव्हती. आईनं कोयता सोडून स्वयंपाकघर घेतलं होतं, आजी आणि भागाआजी ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या, आणि फाटकाशी पोरींची नावं लिहून घ्यायला मी उभी होते. दिवसभर ट्रॅक्टर येत राहिले. पोरी असलेला एकही न थांबता पुढं गेला नाही.