घडीताईचे खांदे

लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला सगळे घडीताई म्हणत. तिची स्वतःचीही घडी होते, हे मात्र तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन्ही खांदे पुढे आणून ती हनुवटीखाली जुळवू शके. गळ्याखालची आडवी हाडं जन्मापासूनच अर्धवट. डॉक्टरीणबाईंनी एकदा समजावलं होतं, "रनएक्स-टू नावाचा एक जनुक असतो. त्याचं प्रथिन मुकादमासारखं इतर जनुकांना हाडं बांधायच्या कामाला लावतं. तुमच्यात त्याची एक प्रत बिघडलीय, म्हणून मुकादम निम्मेच!"

आईने हे ऐकलं आणि तोंडाला कुलूप लावलं. लेकीच्या प्रत्येक सदऱ्यात खांद्याला कापसाच्या उशा शिवायचं तेवढं तिने सोडलं नाही. "लोकांना कशाला दाखवायचं?" एवढंच म्हणे.

घडीताईचा सगळा जीव बॉयलरमध्ये. मला शिकवा म्हणून ती मिस्त्रीकाकांच्या हात धुऊन मागे लागली होती. काकांचं उत्तर ठरलेलं, "हे खांद्यांचं काम आहे, बाई. तू घड्या घाल."

एका सकाळी बॉयलरच्या आतला नट सैल होऊन पाणी गळू लागलं. बॉयलर थंड करून झाकण काढलं. मिस्त्रीकाका भोकात शिरले ते बाटलीच्या बुचासारखे अडकले; चौघांनी पाय ओढून बाहेर काढले. आता पत्रा कापायचा, म्हणजे लॉन्ड्रीला महिनाभर टाळं.

"काका, मी जाते."

"अगं, भोक बघ, तुझे खांदे बघ!"

खांदे कसले, कापूस तो! आईच्या आठवणीने तिचा हात क्षणभर थबकला. मग तिने सगळ्यांदेखत दोन्ही उशा टराटरा उसवून फेकल्या, कमरेला दोर बांधला, खांदे जुळवले आणि सुळकन आत गेली. बाहेर सगळे आ वासून उभे. आतून पाना फिरल्याचा आवाज येत राहिला.

दुपारी बॉयलर पेटला, काटा वर चढला, थेंबभरही गळती नाही. मिस्त्रीकाकांनी आपला पाना तिच्या हातात ठेवला.

"उद्यापासून माझ्याबरोबर. घड्या घालेल दुसरं कुणीतरी."

तिला आकाश ठेंगणं झालं. पण ती घरी पोचण्याआधीच बातमी पोचली होती. शेजारणी जमल्या होत्या. "दाखव ना गं, कसे जुळतात ते!"

तिने भीतभीत आईकडे पाहिलं. आई उठली. तिने स्वतःच्याच ब्लाउजच्या खांद्यांतून कापसाचे दोन गोळे उपसून काढले आणि आपले म्हातारे खांदे पुढे आणत आणत एकमेकांना टेकवले.

"तिला काय विचारता? हे माझ्याकडून आलंय तिला!"