वावटळीवर भिरकावलेलं पायताण

आमच्या वडूजच्या बाजूला चैत्रात वावटळ आली की तिच्यावर पायताण फेकायचं असतं. नुसतं बघत उभं राहायचं नसतं. वावटळीच्या पोटात भूत बसलेलं असतं, आणि भुताला दुसऱ्या कशाचं भ्या नसलं तरी पायताणाचं असतं. शिकलेली माणसं म्हणतात, तापलेली हवा वर चढते आणि गोल फिरते. फिरत असेल. मी चार बुकं शिकलो, पाचव्याची गरज पडली नाही. पण ही माणसं वावटळ खिडकीतून बघतात आणि मी ती खळ्यात उभं राहून बघितली आहे. तेव्हा या बाबतीत माझं ऐकावं.

लढाईचा काळ होता. मी विशीतला, आणि लग्न जमत नव्हतं. खोट माझ्यात नव्हती, आमच्या गावच्या पाण्यात होती. कृष्णाकाठची माणसं आमच्याकडे पोरगी द्यायची नाहीत. "घागरी वाहून मरायला धाडायची व्हय?" असं तोंडावर विचारायची. दोन ठिकाणचे नकार झाले होते. तिसरं स्थळ सांगलीच्या अलीकडचं, नदीकाठचं. मुलीचा भाऊ आणि माझा थोरला भाऊ एकाच पलटणीत, त्यांनी तिकडून पत्रं धाडून जमवत आणलेलं. मुलीच्या बापानं एकच सांगितलं, "सुगीत येतो. रास बघतो. पोरीला खायला मिळतंय का न्हाई ते माझ्या डोळ्यांनी बघणार."

आमच्या बानं मला बजावलं, "ह्ये बी गेलं तर मग बस मेंढरं राखत. मी काय चौथं हुडकणार न्हाई."

त्या साली शाळू, थंडीतली ज्वारी, नामी आला होता. बैलांकडनं कणसं तुडवून झाली, पण वारं पडलं. उफणायला वारं लागतं. उंचावर उभं राहून पाटीतनं धार सोडायची, दाणा खाली पडतो, भुसा वारं नेतं. चार दिवस झाडाचं पान हललं नाही. दाणा, भुसा, माती, सगळं एकात एक, असा ढीग खळ्यात पडून. रास म्हणावी असं त्यात काही दिसत नव्हतं. आणि नेमके चौथ्या दिवशी दुपारी पाव्हणे, म्हणजे मुलीचे वडील, हजर.

माणूस भरदार, डोक्याला पांढराधोट पटका, पायात नवंकोरं पायताण. चालताना असं करकरायचं की माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. खळ्याच्या कडेला आले तसा आमचा चुलता म्हणाला, "पाव्हणं, पायताण भाईर." खळ्यात लक्ष्मी असते, तिथं कुणीच पायताण घालून जात नाही. पाव्हण्यांना हे सांगायला नको होतं, तेही शेतकरीच. त्यांनी पायताण काढून बाभळीखाली आमच्या पायताणांच्या शेजारी ठेवलं. शेजारी म्हणजे जरा लांबच. आमची त्याला लागू नयेत असं.

मग त्यांनी ढिगात हात खुपसला, मूठ वर काढली आणि फुंकर मारली.

"ह्यात दाणा किती आन भुसा किती?"

"वारं सुटू द्या, कळंल की," आमचा बा म्हणाला.

"आमच्यात नदीवरनं रोज वारं येतं."

"आमचं रोज येत न्हाई," चुलता म्हणाला. "पर आलं म्हंजी ध्यानात ऱ्हातंय."

आधी बैलांनी रवंथ थांबवला. मी मान वर केली तर उघड्या माळावर, लांब, सुतळीएवढी एक तांबूस रेघ उभी. बघता बघता तिचा सोल, जाडजूड दोर झाला, सोलाचा खांब झाला. ती डावीकडेही सरकेना, उजवीकडेही सरकेना. मला वाटलं, उभीच आहे. मग ध्यानात आलं, जी बाजूला सरकत नाही ती सरळ आपल्याकडं येतेय.

असली वावटळ मी पुन्हा बघितली नाही. वरचं टोक कुठं संपतंय ते डोळ्यांवर हात धरूनही दिसेना. शेजारच्या वावरातल्या कडब्याच्या पेंढ्या तिच्यात शिरल्या आणि उभ्याच्या उभ्या, फुगडी घालावी तशा गरगरत वर निघाल्या. त्याच्याही वर एक घार, पंख न हलवता नुसती फिरत चढत होती. तिला कसलं भ्या नव्हतं. आवाज म्हणाल तर गावातली दळायची सगळी जाती एकदम फिरवल्यासारखा. मी भिणारा माणूस नाही आणि त्या दिवशीही भ्यालो नाही. बैलाच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो, ती गोष्ट वेगळी.

आता ढीग उधळला की माझं लग्न उधळलं, एवढंच डोक्यात आलं. मी बाभळीकडं धावलो. डोळ्यांत माती, तोंडात माती. हाताला जे पहिलं लागलं ते उचललं, भुताला आईबापावरनं एक शिवी हासडली आणि अंगातला सगळा जोर लावून फेकलं. पायताण आत शिरलं, दोन गिरक्या खाल्ल्या आणि तळ वर करून आभाळात गेलं.

आणि वावटळ वळली. ढिगाच्या कडेला घासून गेली, वरचा भुसा तेवढा ओढून नेला आणि ओढ्याकडं निघून गेली. खाली बघतो तर पांढराशुभ्र शाळू उघडा पडलेला. चार दिवसांची उफणणी तिनं एका दमात करून दिली.

"बघा पाव्हणं, रास बघा!" चुलता ओरडला.

पाव्हणे बाभळीकडं बघत होते.

"माझं एक पायताण कुठाय?"

चुलता म्हणाला, "आवं, पर रास वाचली की!"

"रास तुमची. पायताण माझं."

"नव्या पायताणाला भूत जास्ती भितं. आमच्या जुन्यानं वळलंच नसतं."

बा माझ्याकडं बघत होता, मी माफी मागीन म्हणून. मी कशाला मागू? काम तर झालं होतं. मी म्हणालो, "फेकलं न्हाई, कामाला लावलं."

पाव्हण्यांनी दुसरं कुणाचं पायताण घ्यायला नकार दिला. राहिलेलं एक पायात घातलं आणि मोटारीच्या वाटेला लागले. बराच वेळ ऐकू येत होतं. करकर, थप. करकर, थप.

"जा," बा म्हणाला. "पायताण घावल्याबिगर घरात यिऊ नगंस."

दोन दिवस मी शिवार पालथं घातलं. आमच्या शिवारात एकटी पायताणं किती, ते मला तेव्हा कळलं. पिढ्यान्‌पिढ्या लोक फेकतच आलेत. एकात गवत उगवलेलं, एकात विंचू नांदत होता. पाचवं निवडुंगावर घावलं, बऱ्यापैकी नवं. तेल लावून चमकवलं आणि सांगलीच्या वाटेनं निघालो.

त्यांच्या अंगणात हळद वाळत घातलेली. एक पोरगी ती हातानं पसरत होती, कोपरापर्यंत पिवळी. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या हाताकडं बघितलं आणि आत हाक मारली, "आबा, पायताण आलंय!"

आबा बाहेर आले. पायताण उलटंपालटं केलं.

"ह्ये माझं न्हाई."

"तुमचंच हाय."

"माझ्याला लाल गोंडा हुता."

"वावटळीत गोंडा टिकतोय व्हय?"

"आरं, माझं उजवं गेलं. ह्ये डावं हाय!"

"घरात ऱ्हायलंय तेच उजवं असंल. नीट बघा."

त्यांनी आतलं आणून शेजारी ठेवलं. दोन्ही डावी. मी तरीही म्हणालो, उन्हानं वाकडं झालं असंल. तेव्हा पोरगी तोंडावर हात धरून हसली.

"रास वाचली का न्हाई?" तिनं मला विचारलं.

"वाचली. भुसाबी निघाला."

"मंग आबा, एक पायताण गेलं तर गेलं."

"तुला कुणी इचारलंय?" आबा तिच्यावर खेकसले आणि माझ्याकडं वळले. "तुझ्या घरापास्नं पाणी किती लांब?"

अर्धा कोस सांगता आलं असतं. पण खोटं बोलणं आमच्या घरात नाही. "एक कोस," मी म्हणालो. "उन्हाळ्यात जरा जास्तीच."

"कोण आणतं?"

"आई."

"उद्या कोण आणंल?"

आमच्यात बाप्या माणसानं घरचं पाणी भरायची रीत नव्हती. मी पोरीकडं बघितलं. ती आता हसत नव्हती.

"मी आणीन. कावडीनं."

"पुन्यांदा म्हण."

"मी आणीन म्हणलं न्हवं?"

आबांनी दोन्ही डावी पायताणं उचलून कडेला ठेवली. मग पोरीला म्हणाले, "पाव्हण्याला पाणी दे."

वैशाखात लग्न झालं. दुसऱ्या आठवड्यात मी खांद्यावर कावड घेऊन निघालो तेव्हा सगळा पार हसला, आणि सगळ्यात मोठ्यांदा आमचा चुलता. मी मान खाली घातली नाही. जाताना घातली नाही आणि येताना तर घालता येतच नाही, पाणी सांडतं.