बुचावरची गाठ

काच फुटली आणि लक्ष्मीमॅडम तोंड धरून खाली बसल्या. बोटांतून रक्त गळत होतं. मी बेसिनपाशी बाटल्या धूत होते. दंडाला धरून त्यांना ओढलं, मान वाकवली आणि चेहरा नळाखाली धरला. त्या ओरडल्या नाहीत. "मावशी, डोळा उघडा धरा माझा," एवढंच म्हणाल्या. मी बोटांनी पापणी फाकवून धरली. ॲसिडनं माझे हात भाजत होते. भाजू दिले.

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी काचसामान धुवायला होते. कुंभारीहून बसनं यायची. शिक्षण चौथी. मॅडम तिथं शिकवायच्या आणि पीएच.डी.चं कामही करायच्या. घर विणकरांचं. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी.

मॅडम राग विसरत नसत. कॅन्टीनवाल्यानं एकदा शिळा वडा दिला, तेव्हापासून त्याचा चहासुद्धा घेतला नाही. तो दिसला की विचारायचा, "मॅडम, चहा?" त्या म्हणायच्या, "तुझा वडा अजून पोटात हाय, जागा न्हाय."

त्यांचं काम मला त्यांनीच सांगितलं. वाळूएवढे पिवळसर मणी असायचे. त्याला रेझिन म्हणतात. मण्याला एक अमिनो आम्ल अडकवायचं, त्याला पुढचं जोडायचं, नको ते धुऊन टाकायचं. "जे मण्याला धरलंय ते कितीबी धुवा, सुटत न्हाय की," असं म्हणायच्या. शेवटी त्या साखळीचं टोक वळून तिच्याच बुडाला भिडतं, नायट्रोजन असलेलं कडं होतं आणि मण्यापासून आपणच तुटून निघतं. तसली कडी औषधात लागतात.

हे सगळं काचेच्या एका नळकांड्यात चालायचं. खाली चाळणी आणि तोटी, वर बूच. नळकांडं यंत्रावर हलवायचं असलं की मॅडम बूच सुतानं बांधायच्या. सूत घरच्या मागाचं. गाठ विणकराची, बारीक, चपटी, मागाच्या फणीतून न अडकता जाईल अशी. पण साखळीचं टोक अवेळी जुळू नये म्हणून त्यावर एक रासायनिक झाकण असतं; ते काढायला ॲसिड घातलं की गॅस सुटतो. तेव्हा बूच कधीच बांधायचं नाही, हे त्यांनी मलासुद्धा सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी पाहुणे येणार होते. विभागप्रमुख सर मॅडमचे पीएच.डी.चे मार्गदर्शकही होते; त्यांना पाहुण्यांपुढं काम चालू असलेलं दाखवायचं होतं. सरांचं नाव मी लिहीत नाही, तेवढी शाई त्यांच्यावर घालवायची नाही. मॅडम वर्गात होत्या. सरांनी स्वतः ॲसिड ओतलं, बूच करकचून बांधलं आणि यंत्र सुरू केलं. मी म्हटलं, "सर, मॅडम बांधत न्हाईत." ते म्हणाले, "मावशी, तुम्ही बाटल्या धुवा." पाहुणे आले, बघून चहाला गेले. सर त्यांच्याबरोबर गेले. मॅडम परत आल्या, बांधलेलं बूच पाहून धावल्या, यंत्र बंद करून गाठ सोडायला वाकल्या. तेवढ्यात फुटलं.

संध्याकाळपर्यंत सरांनी सांगून ठेवलं की मॅडमनीच बूच बांधलं. मी पाहिलेलं सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही. मॅडमवर दोष आला असता तर नोकरी गेली असती आणि पीएच.डी.ही.

दवाखान्यात त्यांनी डोळ्याचं नंतर विचारलं. आधी विचारलं, "मावशी, नळकांड्याच्या मानेचा तुकडा मिळाला?"

"मिळाला की. बूच तसंच बांधलेलं हाय. डब्यात ठिवलंय."

"कुणाला दावू नका. मी येते."

आल्या. डावा डोळा गेला होता. प्राचार्य म्हणाले, "आपसात मिटवा." मॅडम म्हणाल्या, "मिटलाय की एक. दुसरा उघडाच राहू द्या."

चौकशी समितीपुढं बसल्यावर मॅडम अगदी मऊ आवाजात बोलल्या. "सर, माझं चुकलं असंल. बूच कसं बांधायचं ते एकदा सगळ्यांना दाखवा की." सर खूश झाले. नवं नळकांडं घेतलं, सुताचे दोन वेढे दिले, गाठीवर गाठ, त्यावर आणखी एक, मिठाईच्या पुड्याला मारतात तशी. मॅडमनी शेजारी आपली गाठ बांधली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मावशी, काढा."

मी डबा उघडला आणि नळकांड्याची फुटकी मान, बुचावरच्या गाठीसकट, दोन्हींच्या मध्ये ठेवली.

सर म्हणाले, "अशी गाठ कुणीही मारेल."

समितीतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आत्ता तर तुम्हीच मारलीत." मग माझं म्हणणं लिहून घेतलं.

सरांचं पद गेलं. मॅडमनी दुसऱ्या मार्गदर्शकाखाली, एका डोळ्यानं, काम पुरं केलं. सर एकदा माफी मागायला त्यांच्या घरी आले. मी तिथंच होते. मॅडमनी दारातच विचारलं, "माझा डोळा आणलात का?" सरांनी हात जोडले. "मग कशाला आलात?" आणि दार लावलं. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

गेल्या हिवाळ्यात मॅडम हृदयविकारानं गेल्या. सर स्मशानात आले होते, काठी टेकत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

म्हणाल्या होत्या. सर आले तर पाणीसुद्धा विचारू नका, असं म्हणाल्या होत्या. पण तेवढंही मला त्यांना द्यायचं नव्हतं.

"न्हाय," मी म्हटलं. "तुमचं नावबी काढलं न्हाय."

मी बस धरून घरी आले.

काच फुटली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. दोघी वाचलो. आता मी आहे.