डोळ्यातली हळद

नव्वदच्या दशकात वडील वाशीच्या मसाला मार्केटात हळदीची पोती वाहायचे. संध्याकाळी ते पिवळेच घरी यायचे, त्यामुळे डोळे पिवळे दिसले तरी आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. अंगाला खाज सुटली, तीही हळदीचीच. पाय सुजले ते ओझ्याने. पोट पुढे आलं तेव्हा शेजारी म्हणाले, वाशीचं पाणी मानवलं.

मग गावच्या यात्रेला साताऱ्याकडे गेलो. आठवडाभर वडील विहिरीवर अंघोळ करत होते. आत्या त्यांच्याकडे बघत म्हणाली, "दादा, अंगाची हळद गेली की. मग डोळ्यातली का जाईना?"

डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर कित्येक वर्षं आतून कडक होत आलंय.

त्या दिवसापासून आईने आमटीत हळद घातली नाही. राग कुणावर तरी काढायचा होता.